नेमबाजांच्या मुलखात

ऊस कारखान्याला गेला, हरभऱ्याची मळणी झाली, की शेतकऱ्याच्या घरी चार दिवसांची सवड सापडते. त्या दिवसांत आपण जोतिबाला जातो, पंढरपूरला जातो, लेकीच्या गावी जाऊन येतो. यंदा घरातील आठवी-नववीची मुले बरोबर घ्या आणि एक निराळी वाट धरा, असे मी सुचवतो. ही वाट राधानगरी तालुक्यातून निघते, कऱ्हाडला थोडी थांबते आणि पुण्याच्या वेशीवर बालेवाडीला संपते. ही नेमबाजांची वाट आहे.

तुम्ही म्हणाल, "साहेब, खतापाण्याचे सांगायचे सोडून हे रायफलीचे कुठे काढले?" त्याला कारण आहे. 2024 सालच्या ऑगस्टपासून गावोगाव पिकांची बैठक संपली, की एखादा बाप मला बाजूला घेतो आणि विचारतो, "पोराला नेमबाजीला घालावे म्हणतो. रायफल केवढ्याला येते?" पहिला प्रश्न नेहमी किमतीचा असतो. तो पहिला नसावा. का नसावा, हे या वाटेवर आपल्या डोळ्यांनी पाहता येते.

भोगावतीच्या काठाने

कोल्हापूरहून राधानगरीची एस. टी. धरा. रस्ता भोगावतीच्या खोऱ्यातून जातो. दोन्ही अंगाला ऊस, मधून भाताची खाचरे, वाटेत परित्याचा साखर कारखाना. या पाण्यामागे राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण आहे. याच तालुक्यात कांबळवाडी नावाचे लहान गाव आहे. स्वप्नील कुसाळे हा या गावचा मुलगा. वडील शिक्षक, आणि 2024 साली आई गावची सरपंच. 2009 साली वडिलांनी त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे त्याने नेमबाजी निवडली. 2015 साली तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. पुढे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक.

तीन स्थिती म्हणजे गुडघा टेकून, पालथे झोपून आणि उभे राहून. पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीत 20 अशा 60 गोळ्या असतात. स्वप्नीलला 600 पैकी 590 गुण मिळाले आणि तो सातवा आला. अंतिम फेरीत त्याने 451.4 गुण करून तिसरा क्रमांक पटकावला. लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचे जे वर्तुळ असते, ते 10.4 मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढे. ते 50 मीटरवरून, म्हणजे 164 फुटांवरून टिपायचे.

तारखा पुन्हा पाहा. 2009 ते 2024. आंब्याचे कलम चार-पाच वर्षांत धरू लागते, या झाडाला पंधरा वर्षे लागली. पोराला नेमबाजीला घालण्याचा विचार करणाऱ्या बापाने हा आकडा आधी मनात ठेवावा.

कोल्हापूरला हे नवे नाही. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर रायफलमध्ये पालथ्या स्थितीत सुवर्णपदक जिंकले होते. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

कऱ्हाडला उतरा

परत कोल्हापूरला येऊन पुण्याची गाडी धरा आणि वाटेत कऱ्हाडला उतरा. गावाला लागूनच गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचे गाव. नेमबाजीशी त्याचा संबंध नाही, पण आपल्या विषयाशी आहे. 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले ते स्वप्नीललाच, तब्बल 72 वर्षांनी. त्याच्या सरावासाठीही वडिलांनी कर्ज काढल्याचे वर्तमानपत्रांत आले होते.

असे कर्ज काढणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण कर्जाचा पैसा नेमका कोठे पडतो, हे पाहिलेच पाहिजे. पीककर्ज काढून आणलेले खत नको त्या वेळी टाकले तर पीक वाढत नाही, कर्ज तेवढे वाढते. रायफलीचेही तसेच आहे.

बालेवाडीचे मैदान

पुण्याच्या वेशीवर महामार्गालगतच बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल लागते. 1994 सालच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारले गेले. 2008 साली येथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. नेमबाजीची जागा पाहायची तर आधी परवानगी काढावी. आत गेल्यावर नेमबाजांच्या मागे शांत उभे राहावे आणि कानांत बोळे घालावेत.

50 मीटरच्या जागेत नेमबाजाच्या डोक्यावर छप्पर असते, पुढे मोकळी जमीन आणि पलीकडे लक्ष्यांची ओळ. आवाज बंदुकीसारखा मोठा नसतो, वाळकी फांदी मोडावी तसा असतो. अंगात जाड जाकीट, डाव्या दंडाला पट्टा आणि तो रायफलीला अडकवलेला. गोळी सुटायला क्षणही लागत नाही. पण दोन गोळ्यांच्या मध्ये पाहा. मुलगी रायफल खाली टेकवते, पुढची फडकी पाहते, दोन श्वास घेते, गाल परत त्याच जागी ठेवते. कधी कधी चापावर बोट ठेवूनही गोळी झाडत नाही, रायफल उतरवते आणि पुन्हा सुरुवात करते. घाई करणाऱ्या आपल्या मुलांना हे दाखवण्यासारखे आहे.

काडतुसाच्या पोटात

ही रायफल म्हणजे पॉइंट टू-टू. तुमच्यापैकी ज्यांनी शाळा-कॉलेजात एन. सी. सी. केली, त्यांनी तसली रायफल हाताळली असेल. गोळीचा व्यास सुमारे 5.6 मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅमच्या थोडे वर. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध पेटवणारी टोपी असते. येथे तशी नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाशी जी दुमडलेली कड असते, तिच्या आतच पेटणारा मसाला भरलेला असतो. घोड्याची पिन कडेवर आपटते, मसाला पेटतो आणि गोळी निघते.

यातून एक गोष्ट निघते. मोठे काडतूस जाणकार नेमबाज स्वतः भरू शकतो, हे भरता येत नाही. कारखान्याने जसे दिले तसेच घ्यावे लागते. मसाला कडेत किती सारखा पसरला, दारू किती सारखी पडली, यात केसभर फरक राहतो. सामन्याच्या काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 330 मीटर वेगाने निघते. हा वेग आवाजाच्या वेगाहून जरा कमी मुद्दाम ठेवलेला असतो, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. या वेगात गोळीगणिक 10 मीटरचा फरक पडला, तर 50 मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. दहाचे वर्तुळ मध्यापासून काठापर्यंत अवघे 5.2 मिलिमीटर. म्हणजे मुलीने काहीही चूक न करता दहाचे नऊ होऊ शकतात.

एका ऊसकऱ्याची गोष्ट

करवीर तालुक्यातील एक ऊसकरी माझ्या ओळखीचे. मुलगी क्लबच्या रायफलीवर सराव करते. वर्षभर तिचे गुण एका ठिकाणी अडून बसले होते. कोणीतरी सांगितले, रायफल जुनी झाली, परदेशी नवी घ्या. ऊसबिलाची रक्कम आणि वर सोसायटीचे कर्ज, अशी जुळवाजुळव सुरू झाली. मी म्हटले, आधी मुलीच्या प्रशिक्षकांना विचारू. आम्ही दोघे गेलो.

प्रशिक्षकांनी मुलीला बाजूला बसवले आणि रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली. हेतू असा, की माणसाचे हलणे वजा व्हावे आणि रायफल एकटी काय करते ते दिसावे. पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप झाडले. ग्रुप म्हणजे एकाच नेमाने लागलेल्या गोळ्यांचा पुंजका. पुंजका रुपयाच्या नाण्याबाहेर जात होता. म्हणजे दोष मुलीचा एकटीचा नव्हता.

मग त्यांनी लाकडी दस्त्यात नळीचा सांगाडा धरून ठेवणारे दोन स्क्रू तपासले. एक ढिला निघाला. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, हे आपल्याला बैलगाडीच्या चाकावरून ठाऊक आहे. दोन्ही स्क्रू जोर मोजणाऱ्या पान्याने ठरल्या मापाने आवळले आणि दुसरे काहीही न बदलता पुन्हा पाच ग्रुप झाडले. पुंजका आवळून आला.

त्यानंतर नळी साफ केली. या काडतुसाच्या गोळीवर मेण किंवा चरबीचा हात असतो. त्याची व शिशाची पुटे नळीत बसतात, आणि काडतूस बसते त्या जागेपुढे जळक्या काजळीचे कडे धरते. सफाई नेहमी मागच्या बाजूने, गज सरळ राहील अशी मार्गदर्शक नळी लावून करायची. गज पुढच्या तोंडाला घासला तर नळीचे तोंड बिघडते, आणि गोळी शेवटचा स्पर्श त्याच काठाला करून जाते. साफ केल्यावर लगेच परीक्षा घ्यायची नाही. आठ-दहा गोळ्या झाडून नळी पुन्हा रुळू द्यायची.

शेवटी काडतुसांची पाळी आली. मुलगी तीन वेगवेगळ्या लॉटची उरलेली काडतुसे मिसळून वापरत होती. पेटीवर लॉट नंबर छापलेला असतो, आपल्या बियाण्याच्या पिशवीवर असतो तसा. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे चालतात. एका नळीला गोड लागलेला लॉट शेजारच्या नळीला लागेलच असे नाही. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन जर्मनीत किंवा इंग्लंडात काडतुसाच्या कारखान्यापर्यंत जातात, नळी शिकंजात पकडून लॉटमागून लॉट झाडून पाहतात आणि जो जमेल तो पुढच्या हंगामासाठी एकदम घेतात.

प्रशिक्षकांनी चार लॉट घेतले. तिसऱ्या लॉटच्या पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून गेल्या. ऊसकरी उठून उभे राहिले. "हाच घ्या!" प्रशिक्षक म्हणाले, "बसा, अजून चार वेळा झाडू." पुढच्या खेपेला तोच लॉट विखुरला. चौथा लॉट एकदाही डोळ्यांत भरला नाही, पण पाचही वेळा सारखाच पडला. निवड चौथ्याची झाली.

मी त्यांना म्हटले, "दहा दाणे ओल्या गोणपाटात ठेवून दहाही उगवले, म्हणून तुम्ही पिशवी चांगली म्हणता का?" ते हसले. उगवणशक्ती शंभर दाण्यांवर पाहायची, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. एका पुंजक्यावर भाळू नये, पाच पुंजक्यांतील वाईटात वाईट कोणता ते पाहावे.

त्या दिवशी नवी रायफल रद्द झाली. काही रक्कम एका लॉटची काडतुसे क्लबमार्फत घेण्यात गेली, सोसायटीचे कर्ज काढावे लागले नाही. मुलीचे गुण दुसऱ्याच दिवशी उड्या मारत वर गेले असे नाही. पण आता गोळी बाहेर गेली तर चूक कोणाची, हे तिला कळू लागले. आधी कळत नव्हते.

एका वेळी एकच बदल

वाचकहो, यात मोलाची गोष्ट हीच, की एका वेळी एकच बदल करावा. बियाणे, खत आणि पाण्याची पाळी तिन्ही एकाच हंगामात बदलली आणि उतारा वाढला, तर श्रेय कोणाचे हे सांगता येत नाही, म्हणून आपण शेजारी जुन्या पद्धतीचा वाफा राखतो. प्रशिक्षकांनी स्क्रू, सफाई आणि लॉट एकाच वेळी बदलले असते, तर पुंजका लहान झाला असता, पण कशाने ते कळले नसते. पुढच्या पावसाळ्यात स्क्रू पुन्हा ढिला झाला असता, आणि सगळ्यांनी काडतुसाला दोष दिला असता.

वारा आणि शरीर

रायफल आणि काडतूस जागेवर आल्यावर दोन गोष्टी उरतात. पहिली वारा. 50 मीटरच्या मैदानावर नेमबाजापासून 10 आणि 30 मीटरवर कापडाच्या अरुंद झेंड्या लावलेल्या असतात. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा ही हलकी गोळी सुमारे अडीच सेंटिमीटर ढकलतो. नळीच्या आत गोळीला उजवीकडे पीळ दिलेला असतो, त्यामुळे उजवीकडून वारा आला तर गोळी डावीकडे जाताना किंचित वर चढते, आणि डावीकडून आला तर उजवीकडे जाताना किंचित खाली बसते. जाणकार नेमबाज वारा बदलत असताना गोळी झाडत नाही, ओळखीचा वारा परत येण्याची वाट पाहतो. औषध फवारणारा शेतकरी वाऱ्याकडे पाहून पंप खाली ठेवतो, तेच शहाणपण.

दुसरी गोष्ट शरीर, आणि सर्वांत जास्त गुण तिच्यात दडलेले असतात. रायफल स्नायूंनी उचलून धरायची नाही. हाडांच्या आधारावर आणि पट्ट्यावर तोलायची. स्थिती घेऊन डोळे मिटावेत, एक श्वास सोडावा आणि डोळे उघडावेत. नेम लक्ष्यावरून सरकलेला दिसला तर हाताने ओढून आणू नये, सगळे शरीरच थोडे फिरवून बसावे. श्वास अर्धा सोडून थांबावा. चाप सरळ मागे, सावकाश दाबावा. गोळी सुटल्यावरही क्षणभर तसेच राहावे. हा सराव रोज रिकाम्या रायफलीवर होतो, त्याला एकही गोळी लागत नाही. मात्र या जातीच्या काही रायफलींत रिकामा चाप ओढल्यास पिन नळीच्या काठावर आपटून तो खराब होतो. म्हणून बनावट काडतूस किंवा त्यासाठीची सोय असल्याशिवाय हा सराव करू नये. प्रशिक्षकांना आधी विचारावे.

स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या 2004 साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतः रायफल खेळलेल्या. अशा जाणत्या माणसाचा डोळा मुलाच्या मागे असणे, हे कोणत्याही नव्या रायफलीपेक्षा मोलाचे.

घरी मूल हट्ट धरत असेल तर

सुरुवात 10 मीटरच्या एअर रायफलीने करावी, तीही क्लबच्या. पहिले वर्ष विकत काही घेऊ नये. पॉइंट टू-टू रायफलीला शस्त्र अधिनियम 1959 खाली परवाना लागतो. ती खेळणे नव्हे. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या अधिकृत मैदानाबाहेर ती झाडायची नाही. उसात रानडुकरे शिरतात, हे दुःख मला ठाऊक आहे. पण त्यांच्यावर ही रायफल चालवण्याचा विचारही करू नका. जनावर मरत नाही, जखमी होऊन माणसावर उलटते, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा गुन्हा मात्र पदरी पडतो. पिकाचे नुकसान झाले तर वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करावा.

वर्षभराने मूल टिकले, तर खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी चांगला प्रशिक्षक आणि तेथे राहण्याजेवण्याची सोय. मग अंगाला नीट बसणारे जाकीट आणि पट्टा. मग तपासून घेतलेला काडतुसांचा एक लॉट. स्वतःची रायफल सर्वांत शेवटी, आणि तीही प्रशिक्षकांनी वाळूच्या पिशवीवर जुनी झाडून पाहून, आता हिच्यात आणखी काही उरले नाही, असे सांगितल्यावर.

या सगळ्याच्याही आधीची एक खरेदी आहे. शंभर पानांची एक वही आणा. तारीख, रायफल, लॉट नंबर, सफाई केव्हा झाली, ऊन की ढग, वारा कुठून, किती गोळ्या, किती गुण आणि त्या दिवशी कोणती एक गोष्ट बदलली, एवढे मुलाने रोज स्वतःच्या हाताने लिहावे. तुम्ही पाण्याच्या पाळ्या आणि फवारणीच्या तारखा लिहून ठेवता, तसेच. सहा महिन्यांनी ती वही घेऊन प्रशिक्षकांकडे बसा. रायफल केवढ्याला येते हा प्रश्न तेव्हा विचारा. तो मुळात विचारण्याची गरज आहे की नाही, हे वहीच सांगेल.